तराजूचं पान

विश्रामबागेत झेरॉक्सच्या दुकानाशेजारचा
लोखंडी जिना चढलं की त्रिशलाबाई मगदूम.
एकतीस वर्षं मिरजेच्या दवाखान्यात एक्स-रे काढले त्यांनी,
"श्वास धरा" आणि "सोडा",
नोकरीभर माणसांशी बोलणं एवढंच.
आता टॅरोची पानं मांडतात,
लेकीनं पुण्याहून पाठवलेली.
अठ्ठ्याहत्तर होती. सात पुरात गेली.
उरली ती फुगून पापडासारखी झालीत,
पिसली जात नाहीत, नुसती उलथतात.

मी दाजी शेडबाळे, मार्केट यार्डातला मापाडी.
नखांत हळद आहे, ती आता जायची नाही.
पासबुक, कॉलर, नातीचं दप्तर,
बोट लागेल तिथं पिवळं.
मेहुण्याशी पैज लावून गेलो होतो,
म्हटलं, भविष्य सांगा बाई.

ते येत नाही मला, म्हणाल्या.
गणपतीच्या देवळाकडं पोपटवाला बसायचा,
तो असला अजून तर त्याला विचारा.
इथं तुम्ही पान बघायचं
आणि मी तुम्हाला.

पहिलं पान : एका पायावर उलटा टांगलेला माणूस.
मला हसू आलं.
हसा, म्हणाल्या.
परवा बँकेतले एक कॅशियर बघून म्हणाले,
बरंय की, याला कुणी हाक मारत नाही.
परीक्षेला बसणारी एक पोरगी म्हणाली,
याच्या घरी माहीत आहे का?
आणि शेजारच्या कुलकर्णीणबाई,
खिशातली चिल्लर पडली असेल हो!

दुसरं पान.
दगडी खुर्चीत बसलेली बाई, हातात तराजू.
माझ्या तोंडून निघून गेलं,
काटा मारलाय हिनं.
डावं पारडं केसभर खाली आहे बघा.

बाईंनी चष्मा काढला.
दुसऱ्या हातातली तलवार दिसली?
नाही दिसली.
तोंड कसं आहे तिचं?
बघितलंच नव्हतं.

पंखा कुरकुरत होता.
खाली कुणीतरी आधार कार्डाच्या चार प्रती मागत होतं,
आणि मी बेडगच्या त्या बाईबद्दल बोलायला लागलो.
बारा पोती हळकुंडं होती तिची.
व्यापाऱ्यानं डोळा घातला
आणि मी पोत्याखाली गुडघा दिला,
जरासा, उचलल्यासारखा.
पोत्यामागं अर्धा किलो.
ती बाई पत्र्यावरचं कबूतर बघत होती.
म्हणाली, दादा, तुम्हीच सांगा किती भरलं,
मला काट्यातलं कळत नाही.
मी सांगितलं.

एकोणीस वर्षं झाली त्याला.
आता इलेक्ट्रॉनिक काटा आहे, लाल आकडे पडतात,
मी नुसता लिहून घेतो.
गुडघा मात्र ठणकतो रात्रीचा.
झीज आहे म्हणतात.

"सोडा," बाई म्हणाल्या.
काय सोडू?
श्वास. केव्हाचा धरलाय तुम्ही.

मग थोड्या वेळानं, पानं गोळा करता करता,
तुमच्या गुडघ्याचा फोटो मीच काढला असेन.
माणूस आठवत नाही.
फिल्मच्या पाकिटावर पिवळा अंगठा होता एक, तो आठवतो.
हाड चांगलं होतं त्याचं.

मी खिशात हात घातला. किती द्यायचे?
पैज जिंकलात का हरलात?
सांगता येईना.
मग राहू द्या, पुढच्या वेळी.

उठताना बघितलं,
तराजूच्या वरच्या पारड्यावर
माझं बोट उमटलं होतं, हळदीचं, ठसठशीत.
रुमाल काढला. पुसतो, म्हटलं.
नको, त्या म्हणाल्या,
संध्याकाळी एक ड्रायव्हर येणार आहे सांगलीवाडीचा,
त्याला ते काय वाटतं बघू.